राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि पक्षरेषेपलीकडील मत : करिश्मा व अनुभव यांचा १९६९ आणि २००७ च्या संदर्भात तुलनात्मक अभ्यास

सारांश

भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते. त्यामुळे उमेदवाराचा व्यक्तिगत प्रभाव किंवा त्याचा प्रदीर्घ अनुभव पक्षाच्या रेषा ओलांडून मते मिळवू शकेल, अशी अपेक्षा केली जाते. प्रस्तुत निबंधात १९६९ मधील व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी व चिंतामणराव देशमुख यांची निवडणूक आणि २००७ मधील प्रतिभाताई पाटील व भैरोसिंह शेखावत यांची निवडणूक यांची तुलना करून ही अपेक्षा कितपत खरी ठरते, याचा शोध घेतला आहे. महाराष्ट्राचा, विशेषतः नागपूर परिसराचा संदर्भ या विवेचनाच्या केंद्रस्थानी ठेवला आहे.

बीजसंज्ञा : राष्ट्रपतिपद, निर्वाचकगण, करिश्मा, प्रशासकीय अनुभव, सदसद्विवेक मतदान, प्रादेशिक अस्मिता.

१. प्रस्तावना

नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यात खापरखेडा हे औष्णिक वीज केंद्र आणि कोळसा खाणी यांच्या आधाराने वाढलेले गाव आहे. येथील खाण कामगार, वीज कर्मचारी, शिक्षक वा शेतकरी ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत प्रत्येक निवडणुकीत स्वतः मतदान करतो. देशाच्या सर्वोच्च पदाच्या निवडणुकीत मात्र त्याला मत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५४ नुसार राष्ट्रपतीची निवड संसदेचे आणि राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. तथापि या नागरिकाचे अस्तित्व त्या निवडणुकीत अजिबात नाही, असेही म्हणता येत नाही. अनुच्छेद ५५ मधील सूत्रानुसार राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने आणि पुन्हा एक हजाराने भागून आमदाराच्या मताचे मूल्य ठरते. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. २८८ सदस्यांच्या सभागृहात प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य त्यामुळे १७५ आणि संपूर्ण विधानसभेचे मूल्य ५०,४०० येते. २००७ मध्ये सावनेरच्या आमदाराने टाकलेल्या एका मतपत्रिकेत जी १७५ मते मोजली गेली, ती १९७१ मध्ये मोजल्या गेलेल्या माणसांच्या वतीने होती.

ज्यांच्या नावाने मताचे मूल्य ठरते ते मतदान करीत नाहीत आणि जे मतदान करतात त्यांच्यावर पक्षाचा आदेश कायद्याने बंधनकारक नाही. प्रस्तुत अभ्यासाचा प्रश्न याच रचनेतून उद्भवतो. पक्षादेश नसताना आमदार-खासदार कशाकडे पाहून मत देतात? उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाकडे, त्याच्या अनुभवाकडे, की आणखी कशाकडे?

२. उद्दिष्टे आणि पद्धती

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत करिश्मा व अनुभव या दोन घटकांचे स्थान तपासणे, महाराष्ट्रातील उमेदवारांच्या संदर्भात पक्षरेषा कधी ओलांडली गेली आणि कधी नाही हे पाहणे आणि त्यामागील कारणमीमांसा करणे, ही या अभ्यासाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून निवडणूक निकालांची आकडेवारी, उमेदवारांचे सार्वजनिक जीवन आणि तत्कालीन राजकीय घडामोडी यांचा आधार घेतला आहे. १९६९ व २००७ ही दोन वर्षे निवडण्याचे कारण असे की, या दोन्ही वेळी महाराष्ट्रातील एक अनुभवी व्यक्ती प्रमुख उमेदवारांमध्ये होती. एका वेळी ती तिसऱ्या क्रमांकावर राहिली आणि दुसऱ्या वेळी राष्ट्रपती झाली.

३. करिश्मा, अनुभव आणि पक्षरेषा

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने अधिसत्तेचे पारंपरिक, कायदेशीर-विवेकाधिष्ठित आणि करिश्माधिष्ठित असे तीन प्रकार सांगितले. त्याच्या विवेचनात करिश्मा हा केवळ नेत्याचा अंगभूत गुण नसतो. अनुयायी तो गुण मान्य करतात तोपर्यंतच तो टिकतो. ही बाब प्रस्तुत विषयासाठी महत्त्वाची आहे. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला थेट जनतेसमोर जावे लागत नाही. प्रचारसभांच्या जोरावर लाट निर्माण करण्याचा मार्ग त्याला मोकळा नाही. अमेरिकेतील अध्यक्षीय उमेदवार कोट्यवधी मतदारांना आवाहन करतो. भारतीय उमेदवाराचे श्रोते सुमारे पाच हजारांच्या आत असतात आणि ते सारे व्यवसायाने राजकारणी असतात.

प्रत्यक्ष प्रौढ मतदानाने राष्ट्रपती निवडावा, हा विचार संविधान सभेत प्रा. के. टी. शाह यांनी मांडला होता, परंतु तो स्वीकारला गेला नाही. संसदीय पद्धतीतील राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे राहील, अशी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. कार्यकारी सत्ता पंतप्रधान व मंत्रिमंडळाकडे असताना राष्ट्रपतीसाठी देशव्यापी थेट निवडणूक घेणे सुसंगत ठरले नसते. पुढे १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रा. शाह स्वतः उमेदवार होते. डॉ. राजेंद्र प्रसाद यांना ५,०७,४०० आणि शाह यांना ९२,८२७ मूल्याची मते मिळाली.

याचा अर्थ, पदाच्या रचनेतच करिश्म्याला मर्यादा घातलेली आहे. अनुभवाला मात्र तेथे वाव असावा, असे सकृद्दर्शनी वाटते. १९६९ च्या निवडणुकीने या समजुतीची परीक्षा घेतली.

४. १९६९ : तीन उमेदवार, दोन राजीनामे

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हे कार्यकारी राष्ट्रपती झाले. जुलैमध्ये बंगलोर येथे काँग्रेस संसदीय मंडळाने लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांची उमेदवारी निश्चित केली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा कल जगजीवन राम यांच्याकडे होता. परंतु मंडळात त्या अल्पमतात गेल्या. महाराष्ट्राचे नेते यशवंतराव चव्हाण यांनी मंडळात रेड्डी यांच्या बाजूने मत दिले. १९ जुलै रोजी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर कार्यकारी राष्ट्रपती या नात्याने गिरी यांची स्वाक्षरी होती. दुसऱ्याच दिवशी गिरी यांनी राजीनामा दिला आणि ते स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि भारतीय जनसंघ यांनी चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांना पुढे केले.

तिन्ही उमेदवारांचा अनुभव पाहिला असता कोणालाही नवखे म्हणता येत नाही. रेड्डी हे आंध्र प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री, काँग्रेसचे माजी अध्यक्ष, केंद्रीय मंत्री आणि लोकसभेचे सभापती होते. गिरी हे कामगार चळवळीतील जुने नेते, केंद्रीय श्रममंत्री, तीन राज्यांचे राज्यपाल आणि उपराष्ट्रपती होते. देशमुखांची कारकीर्द या दोहोंहून वेगळी होती. रायगड जिल्ह्यातील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले देशमुख १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले आले. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या प्रशासनात त्यांनी जवळपास दोन दशके सेवा केली. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते सहभागी होते. १९५० ते १९५६ या काळात ते केंद्रीय अर्थमंत्री, त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गिरी आणि देशमुख यांच्यात एक साम्य फारसे लक्षात घेतले जात नाही. दोघेही पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात एकाच वेळी होते आणि दोघांनीही तत्त्वाच्या प्रश्नावर राजीनामा दिला. बँक कर्मचाऱ्यांच्या वादात न्यायाधिकरणाच्या निवाड्यात सरकारने फेरबदल केले, म्हणून गिरी १९५४ मध्ये बाहेर पडले. त्या वेळी अर्थमंत्री देशमुख होते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाच्या विरोधात देशमुख १९५६ मध्ये बाहेर पडले. पद सोडण्याची तयारी हा जर नैतिक अधिकाराचा निकष मानला, तर १९६९ मध्ये दोन उमेदवार त्या निकषाला उतरत होते.

दुसरी बाब अधिक विचार करायला लावणारी आहे. गिरी यांची उमेदवारी बँक राष्ट्रीयीकरणाशी जोडली गेली आणि देशमुखांची उमेदवारी त्या धोरणाच्या टीकाकारांशी. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९४९ रोजी झाले तेव्हा गव्हर्नर देशमुखच होते. इम्पीरियल बँकेचे १९५५ मध्ये स्टेट बँकेत रूपांतर झाले आणि जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला, तेव्हा अर्थमंत्री देशमुखच होते. देशातील वित्तसंस्थांवर सार्वजनिक मालकी आणण्याचा त्यांच्याइतका अनुभव तिन्ही उमेदवारांपैकी दुसऱ्या कोणालाही नव्हता. तरीही त्यांच्याकडे पाहिले गेले ते स्वतंत्र पक्ष व जनसंघाचे उमेदवार म्हणून. निर्वाचकांनी अनुभवाचा तपशील वाचला नाही. त्यांनी त्यावरील पक्षाची पाटी वाचली, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

५. नागपूरचा धागा

दिल्लीत घडलेल्या या निवडणुकीतील प्रमुख पात्रांचा नागपूरशी असलेला संबंध उल्लेखनीय आहे. गिरी यांनी राजीनामा दिल्यावर राष्ट्रपतिपदाचा कार्यभार सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांच्याकडे आला. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूर उच्च न्यायालयातील वकील, न्यायाधीश आणि १९५४ पासून मुख्य न्यायाधीश होते. बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला ऑगस्ट १९६९ मध्ये कार्यकारी राष्ट्रपती म्हणून त्यांनीच संमती दिली.

गिरी यांच्या कामगार कार्याची सुरुवात बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांत झाली. १९२९ मध्ये नागपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या आयटकच्या अधिवेशनात फूट पडली, तेव्हा ना. म. जोशी यांच्यासह बाहेर पडलेल्या नेमस्त गटात गिरी होते. १९३८ मध्ये दोन्ही गटांना एकत्र आणणारी तडजोडही नागपुरातच झाली आणि तिच्यामागे गिरी यांनी मांडलेला प्रस्ताव होता. देशमुखांची सनदी सेवा तर मध्य प्रांतातच गेली.

चौथे नाव सहसा घेतले जात नाही. त्या निवडणुकीत एकूण १५ उमेदवार होते आणि त्यांत पांडुरंग नाथुजी राजभोज हेही होते. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जुलै १९४२ मध्ये नागपूर येथील परिषदेत स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे ते सरचिटणीस होते आणि १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून आले होते. त्यांना ८३१ मूल्याची मते मिळाली. पुढे १९७४ च्या कायदादुरुस्तीने उमेदवारासाठी दहा सूचक व दहा अनुमोदक आवश्यक केले आणि १९९७ मध्ये ही संख्या प्रत्येकी पन्नासवर गेली. अनाठायी उमेदवाऱ्या रोखणे हा या तरतुदीचा हेतू होता. परंतु संघटित पक्षाचे पाठबळ नसलेल्या व्यक्तीचा मार्गही त्यामुळे बंद झाला.

६. मतमोजणीचा अर्थ

इंदिरा गांधी यांनी रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून स्वाक्षरी केली होती. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मिळावीत म्हणून स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या नेत्यांशी बोलणी केली. या घटनेचा आधार घेऊन इंदिरा गांधी यांच्या गटाने सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदानाचा पुरस्कार केला. १६ ऑगस्ट रोजी मतदान झाले आणि २० ऑगस्टला निकाल जाहीर झाला.

एकूण वैध मते ८,३६,३३७ होती आणि विजयासाठी ४,१८,१६९ आवश्यक होती. पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुख यांना १,१२,७६९ मते पडली. उरलेल्या सर्व उमेदवारांची मिळून ८,५०५ मते होती. कोणालाही बहुमत न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजली गेली. अखेरीस गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ अशी स्थिती झाली. अंतर केवळ १४,६५० चे होते.

या आकड्यांतून एक महत्त्वाचा निष्कर्ष काढता येतो. देशमुख व इतर बाद उमेदवारांच्या एकूण १,२१,२७४ मतांपैकी ९१,८७९ मते रेड्डींकडे आणि १८,५६२ मते गिरींकडे गेली. उरलेल्या मतपत्रिकांवर पुढची पसंती नव्हती. इतर लहान उमेदवारांची सर्वच्या सर्व ८,५०५ मते गिरींकडे गेली असे क्षणभर गृहीत धरले, तरी किमान १०,०५७ मूल्याची मते देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्यांकडून गिरींना मिळाली, हे गणिताने सिद्ध होते. निकाल उलटण्यासाठी त्यांपैकी ७,३२६ मूल्याची मते रेड्डींकडे वळली असती तरी पुरेसे होते. म्हणजे गिरी यांचा विजय काँग्रेसमधील बंडखोरीने शक्य केला हे खरे असले, तरी तो निश्चित केला देशमुखांच्या मतपत्रिकांनी. तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार पराभूत झाला, पण त्याला मिळालेल्या मतांतील एका लहान भागाने राष्ट्रपती कोण, हे ठरविले.

मग हा गिरी यांच्या करिश्म्याचा विजय होता काय? गिरी हे आदरणीय कामगार नेते होते, परंतु १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांचा पराभव झाला होता. १९६९ मध्ये ज्या वलयाने मते खेचली ते पंतप्रधानांचे होते. बँक राष्ट्रीयीकरणानंतर निर्माण झालेल्या लोकमताने आमदार-खासदारांना पक्षनेतृत्वाविरुद्ध जाण्याचे धैर्य दिले. त्यात कम्युनिस्ट पक्ष, द्रमुक आदी पक्षांच्या संघटित मतांची भर पडली. करिश्मा होता, पण तो उमेदवाराचा नव्हता. तो उसना होता. नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस फुटली. बंगलोरमध्ये रेड्डींना मत देणारे यशवंतराव चव्हाण फुटीनंतर इंदिरा गांधी यांच्याबरोबर राहिले.

रेड्डी यांची पुढील वाटचाल हा मुद्दा अधिक स्पष्ट करते. १९७७ मध्ये तेच रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. त्या वेळी दाखल झालेल्या ३७ अर्जांपैकी फक्त त्यांचाच वैध ठरला. आठ वर्षांत त्यांच्या अनुभवात फार मोठी भर पडली नव्हती. बदलली होती ती राजकीय परिस्थिती.

७. देशमुख आणि महाराष्ट्र

मुंबईसाठी मंत्रिपद सोडणाऱ्या देशमुखांना १९६९ मध्ये महाराष्ट्राने पक्षभेद विसरून पाठिंबा द्यावयास हवा होता, असे भावनेने वाटू शकते. तसे घडले नाही, याचे कारण विधानसभेच्या रचनेत सापडते. १९६७ च्या निवडणुकीनंतर २७० सदस्यांच्या विधानसभेत काँग्रेसचे २०३ सदस्य होते. शेतकरी कामगार पक्षाचे १९, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे १० आणि जनसंघाचे अवघे ४ सदस्य होते. स्वतंत्र पक्षाचा एकही सदस्य नव्हता. देशमुखांना उमेदवारी देणाऱ्या दोन्ही पक्षांची त्यांच्या स्वतःच्या राज्यातील एकत्रित शक्ती चार आमदारांची होती.

मराठी अस्मितेच्या नावाने त्यांच्यासाठी रेषा ओलांडू शकेल अशी संघटनाही निर्वाचकगणात नव्हती. संयुक्त महाराष्ट्र समिती राज्यस्थापनेनंतर विखुरली होती. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेचा पहिला आमदार वामनराव महाडिक यांच्या रूपाने ऑक्टोबर १९७० मध्ये परळच्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत गेला. म्हणजे ऑगस्ट १९६९ मध्ये शिवसेनेकडे विधानसभेतील एकही मत नव्हते. १९५६ च्या त्यागाचे स्मरण लोकांत होते, पण ते मतपत्रिकेवर उतरविणारे हात सभागृहात नव्हते.

८. २००७ : पाटील आणि शेखावत

१९ जुलै २००७ रोजी झालेल्या निवडणुकीत संयुक्त पुरोगामी आघाडी व डावे पक्ष यांच्या उमेदवार प्रतिभाताई पाटील आणि राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून उभे असलेले उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत यांच्यात लढत झाली. या वेळीही अनुभवाची उणीव कोणाकडे नव्हती. पाटील १९६२ मध्ये जळगावमधून विधानसभेवर निवडून आल्या. पुढे त्या राज्यात मंत्री, १९७९-८० मध्ये विरोधी पक्षनेत्या, राज्यसभेच्या उपसभापती, १९९१ मध्ये अमरावतीच्या खासदार आणि २००४ पासून राजस्थानच्या राज्यपाल होत्या. शेखावत १९५२ पासून विधिमंडळाच्या राजकारणात होते आणि तीन वेळा राजस्थानचे मुख्यमंत्री झाले होते. सर्व पक्षांत मित्र असलेला नेता अशी त्यांची ख्याती होती. पक्षातीत आवाहनाची मदार जर व्यक्तिगत संबंधांवर असती, तर शेखावत यांना त्याचा लाभ सर्वाधिक व्हावयास हवा होता.

प्रत्यक्षात रेषा उलट दिशेने ओलांडली गेली. राष्ट्रीय लोकशाही आघाडीतील शिवसेनेने उमेदवार मराठी असल्याच्या कारणास्तव पाटील यांना पाठिंबा दिला. पाटील यांना ६,३८,११६ आणि शेखावत यांना ३,३१,३०६ मते मिळाली. २००४ च्या निवडणुकांत शिवसेनेचे ६२ आमदार व १२ लोकसभा सदस्य निवडून आले होते. आमदाराचे मूल्य १७५ आणि खासदाराचे ७०८ धरल्यास हे बळ १९,३४६ होते. ही सर्व मते शेखावत यांच्याकडे गेली असती तरी ३,०६,८१० चे अंतर ३८,६९२ ने कमी झाले असते, निकाल बदलला नसता. शिवसेनेचा निर्णय राजकीयदृष्ट्या बोलका होता, संख्येच्या दृष्टीने निर्णायक नव्हता.

अस्मितेचा हा मुद्दा प्रत्येक वेळी प्रभावी ठरतो असेही नाही. २००२ च्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत याच शेखावत यांच्याविरुद्ध सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे उभे होते. केंद्रातील सत्तेत शिवसेना तेव्हा सहभागी होती. शेखावत ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी विजयी झाले आणि शिंदे यांच्या मराठीपणाचा निकालावर परिणाम झाला नाही. याउलट मराठी उमेदवार नसतानाही शिवसेनेने आघाडीची रेषा अनेकदा ओलांडली. १९९७ मध्ये तिने के. आर. नारायणन यांच्याऐवजी टी. एन. शेषन यांना, २०१२ मध्ये पी. ए. संगमा यांच्याऐवजी प्रणव मुखर्जी यांना आणि २०२२ मध्ये महाविकास आघाडीतील मित्रपक्ष यशवंत सिन्हा यांच्या बाजूने असताना द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा दिला. यावरून पक्षरेषा ओलांडणे हे त्या पक्षाचे स्वतंत्र अस्तित्व दर्शविण्याचे साधन होते आणि उमेदवाराची ओळख हे त्यासाठी मिळालेले निमित्त होते, असे अनुमान काढता येते.

खऱ्या अर्थाने करिश्मा असलेले उमेदवार म्हणून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव घ्यावे लागते. निवडणुकीच्या राजकारणाचा कोणताही अनुभव नसलेल्या या शास्त्रज्ञाला २००२ मध्ये ९,२२,८८४ मते मिळाली, तर डाव्या पक्षांच्या उमेदवार कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना १,०७,३६६. परंतु त्या वेळी सत्ताधारी आघाडी आणि प्रमुख विरोधी पक्ष काँग्रेस दोन्ही त्यांच्या पाठीशी होते. २००७ मध्ये कलाम यांची लोकप्रियता कमी झाली नव्हती. तिसऱ्या आघाडीने त्यांचे नाव पुन्हा पुढे केले. मात्र विजयाची खात्री नसल्याचे स्पष्ट होताच ते स्पर्धेत उतरले नाहीत. तीच व्यक्ती, तोच करिश्मा, पण पक्षांची संमती नव्हती.

९. निवडीनंतरचा प्रश्न

पक्षरेषेपलीकडून आलेले मत राष्ट्रपतीला अधिक स्वतंत्र बनविते काय, हा प्रश्न येथे ओघानेच येतो. ९,५६,२९० मते मिळवून निवडून आलेल्या के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची मंत्रिमंडळाची शिफारस फेरविचारासाठी परत पाठविली. डॉ. कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक परत केले. या उदाहरणांवरून होकारार्थी उत्तर द्यावेसे वाटते. परंतु १९७४ मध्ये ७,६५,५८७ विरुद्ध १,८९,१९६ अशा मोठ्या फरकाने निवडून आलेल्या फक्रुद्दीन अली अहमद यांनीच जून १९७५ मध्ये आणीबाणीच्या उद्घोषणेवर स्वाक्षरी केली. तेव्हा मतांची टक्केवारी आणि पदाची स्वायत्तता यांचे सरळ समीकरण मांडता येत नाही.

गिरी यांच्या कारकिर्दीतही अनुभवाची मर्यादा दिसते. देशातील बिगर-कोकिंग कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणाचा १९७३ चा कायदा त्यांच्या संमतीने अस्तित्वात आला. नागपूर परिसरातील कामठी कोळसाक्षेत्राच्या कामगारजीवनावर या राष्ट्रीयीकरणाचा दूरगामी परिणाम झाला. एका कामगार नेत्याच्या आयुष्याला साजेसाच हा कायदा होता. पण मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात कामगारांची मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली, तेव्हाही राष्ट्रपती गिरीच होते. ज्या माणसाने रेल्वे कामगारांच्या संघटनेतून सार्वजनिक जीवनात पाऊल टाकले, त्याच्याच कार्यकाळात रेल्वे कामगारांचा संप मोडला गेला. अनुभव माणसाबरोबर राष्ट्रपती भवनात जातो. त्याचा उपयोग करण्याचा अधिकार मात्र संविधानाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधलेला असतो.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत अनुभव ही पात्रतेची किमान अट ठरते, विजयाचे कारण ठरत नाही. १९६९ व २००७ मधील सर्व प्रमुख उमेदवार अनुभवी होते, त्यामुळे अनुभवाने त्यांच्यात भेद केला नाही.

२) करिश्मा परिणामकारक ठरतो तो बहुधा उमेदवाराचा नसून त्याच्या पाठीशी असलेल्या नेतृत्वाचा असतो. उमेदवाराचा स्वतःचा करिश्मा पक्षांची संमती असेल तरच मतांत रूपांतरित होतो.

३) प्रादेशिक अस्मितेला निर्वाचकगणात संघटित वाहक लागतो. देशमुखांचा महाराष्ट्रासाठीचा त्याग मोठा होता, पण १९६९ मध्ये तो मतांत आणणारा पक्ष नव्हता. २००७ मध्ये असा पक्ष होता.

४) पक्षरेषा मुख्यतः पक्षच ओलांडतात. व्यक्तीने एकट्याने रेषा ओलांडल्याची उदाहरणे कमी असली तरी क्षुल्लक नाहीत. १९६९ मध्ये देशमुखांच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती गिरी अशी नोंदविणाऱ्यांनी देशाचा राष्ट्रपती ठरविला.

गुप्त मतदान आणि पक्षादेशापासून मुक्तता ही तरतूद म्हणून केवळ औपचारिक नाही. आमदाराच्या मतपत्रिकेतील १७५ मते त्याच्या पक्षाची नसतात. ती मोजलेल्या लोकसंख्येची असतात. ८४ व्या घटनादुरुस्तीने मताचे हे मूल्य २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेची आकडेवारी प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ च्या लोकसंख्येशी बांधून ठेवले. ते पुन्हा ठरविले जाईल तेव्हा चर्चा राज्याराज्यांतील आकड्यांची होईल. त्याबरोबरच, खापरखेड्यासारख्या गावातील ज्या माणसांच्या संख्येवर हे मूल्य आधारलेले असते, त्यांच्या वतीने मत देणारा प्रतिनिधी उमेदवाराच्या जीवनकार्याकडे किती पाहतो आणि पक्षाच्या पाटीकडे किती, हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. चिंतामणराव देशमुख यांच्या पराभवाचा अभ्यास त्या दृष्टीने आजही उपयुक्त ठरतो.